ओव्हरक्लॉक केलेला पीसी दुपारीच का बंद पडतो? पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी तपासणीचा क्रम

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस, आर्णी या भागात मी कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करतो. हिवाळ्यात हौसेने ओव्हरक्लॉक केलेले, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या स्पीडपेक्षा जोरात पळवलेले पीसी एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे यायला लागतात आणि प्रश्न एकच असतो, "भाऊ, रात्री बरोबर चालते, दुपारीच काहून बंद पडते?" बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, टाकलेला आकडा हे बहुतेक वेळा अर्धंच कारण निघतं. उरलेलं अर्धं खोलीत, भिंतीवरच्या बोर्डात नाहीतर गावच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) असतं. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो आणि हळूहळू खर्चाकडे जातो. मधलं गाळून थेट नवा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणायला पळू नका.

आधी लक्षण नीट ओळखा

नुसतं "बंद पडते" म्हटल्यावर काही कळत नाही. कसा बंद पडतो ते पाहा.

- गेम किंवा व्हिडिओ रेंडर चालू असताना लाईन गेल्यासारखा एका क्षणात बंद किंवा रिस्टार्ट. निळी स्क्रीन नाही, कसलाही संदेश नाही.
- निळी स्क्रीन येते. 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' किंवा 'व्हिया अनकरेक्टेबल एरर' लिहिलं असेल तर संशय प्रोसेसरच्या स्पीडवर आणि व्होल्टेजवर. 'मेमरी मॅनेजमेंट' असेल, किंवा दर वेळी वेगळाच संदेश येत असेल, तर रॅमवर.
- बंद पडत नाही, पण गेम अडखळतो. ओव्हरक्लॉक करूनही आधीपेक्षा हळू.
- पंखे फिरतात, स्क्रीन काळीच. दोन-तीनदा आपोआप चालू-बंद होतो.
- खोलीतला कूलर, फ्रिज किंवा बोअरची मोटर सुरू झाली की त्याच क्षणी रिस्टार्ट.
- काहीच काम नसताना, नुसता डेस्कटॉप उघडा असताना हँग.
- लाईन जाऊन आली की बायोसमधली सेटिंग गायब आणि घड्याळही चुकलेलं.

शेवटच्या लक्षणाचं इथेच मिटवून टाकू. मदरबोर्डवर रुपयाएवढा सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा शेल असतो. भिंतीवरचं बटण बंद असताना किंवा तासन्‌तास लाईन नसताना घड्याळ आणि सेटिंग त्याच्यावरच तगून राहतात. आपल्याकडे तो लवकर संपतो यात नवल नाही. शेल बदला, काम झालं. "ओव्हरक्लॉकने बोर्ड गेला" म्हणून आणलेला पीसी कितीदा तरी एवढ्यावर परत जातो.

निळ्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढायची सवय लावा. संदेश नसेल तर विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'सिस्टिम' उघडा. तिथे फक्त 'कर्नल-पॉवर ४१' दिसत असेल तर पीसी नीट शटडाऊन न होता बंद झाला एवढाच त्याचा अर्थ. त्याच वेळेला 'व्हिया-लॉगर'ची नोंद असेल तर हार्डवेअरने स्वतःची चूक पकडलेली आहे, आणि ओव्हरक्लॉकवरचा संशय पक्का होतो.

१. डिफॉल्टवर या

खर्च शून्य, आणि हीच सगळ्यात मोलाची पायरी. बायोसमध्ये जा, बदललेल्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, 'लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स' करून सेव्ह करा. आता त्याच खोलीत, दुपारच्या त्याच वेळेला, तोच गेम तेवढाच वेळ चालवा.

डिफॉल्टवरही बंद पडला तर ओव्हरक्लॉकला दोष देऊ नका, थेट ३ ते ५ या पायऱ्यांवर जा. डिफॉल्टवर सुरळीत चालला तर मात्र उष्णता आणि वीज निर्दोष सुटली असं समजू नका. कमी भार होता म्हणून निभावलं असंही असू शकतं. पोट्ट्यांना ही पायरी जिवावर येते, कमावलेला स्पीड सोडवत नाही. फोटो काढलेत ना? मग पाच मिनिटांत परत टाकता येतो.

स्क्रीनच येत नसेल तर सीमॉस क्लिअर करावं, म्हणजे बायोसची साठवलेली सेटिंग पुसावी लागेल. प्लग काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट निघून जाईल, मग शेल काढून काही मिनिटं तसंच ठेवा. बोर्डवर त्यासाठी जम्पर (दोन पिना जोडायची छोटी टोपी) असेल तर काम आणखी सोपं.

एक गोष्ट इथे घाबरवते. सीमॉस क्लिअर केल्यावर हार्डडिस्कचा मोड किंवा जुन्या-नव्या बूटचं सेटिंगही मूळपदावर जातं, आणि कधी कधी विंडोज सुरूच होत नाही. विंडोज उडालेलं नसतं. फोटोत पाहून तेवढं सेटिंग परत लावा.

२. तुमचा पीसी ओव्हरक्लॉक होणारा आहे का?

हा प्रश्न आधी विचारायला हवा होता, पण विचारतं कोण? इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'के' असलेले प्रोसेसर मल्टिप्लायर (बेस क्लॉक, म्हणजे १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका, ज्या आकड्याने गुणून स्पीड ठरतो तो) वाढवू देतात, आणि त्यासाठी साधारणपणे 'झेड' मालिकेचा मदरबोर्ड लागतो. एएमडीचे रायझन बहुतेक सगळे मोकळे असतात, पण ए३२० आणि ए५२० बोर्डवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही. बी४५०, बी५५० वर येतो.

नागपूरहून, सीताबर्डीतून आणलेल्या जुन्या पीसीत बहुधा 'के' नसलेला आय-फाइव्ह असतो. मल्टिप्लायर हलत नाही म्हटल्यावर पोरं बेस क्लॉक १०० वरून १०५ करतात. इंटेलच्या दुसऱ्या ते चौथ्या पिढीत या बेस क्लॉकला हार्डडिस्क आणि ग्राफिक्स कार्डाची लाईनही बांधलेली आहे. फायदा पाच टक्के, आणि धोका फायली खराब होण्याचा. असं काही केलं असेल तर १०० वर आणा आणि ओव्हरक्लॉकचा नाद सोडा. लॅपटॉपवर तर मुळीच करू नका.

३. तापमान: जानेवारीचा आकडा मेमध्ये चालत नाही

'एचडब्ल्यूइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर टाका आणि गेम चालू असताना प्रोसेसरचं सगळ्यात जास्त तापमान पाहा. शेजारी खोलीचं तापमानही लिहा. ते कुणीच लिहीत नाही, आणि नेमकी तिथेच गोम असते.

हीटसिंक (प्रोसेसरवर बसवलेला धातूच्या पात्यांचा ठोकळा) प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. ठरावीक भाराला प्रोसेसर खोलीपेक्षा ठरावीक अंशांनी वर राहतो. समजा हा फरक ५५ अंशांचा आहे. जानेवारीच्या रात्री खोली १८ अंशांवर असेल तर प्रोसेसर ७३ वर, एकदम आरामात. नवतप्यात टिनाच्या खोलीत दुपारी ४३ झाले की तोच प्रोसेसर ९८ वर. सेटिंग तेच, पंखा तोच. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीला बाहेर ४५ च्या पुढे पारा जातो तेव्हा घरात काय होत असेल ते तुम्हीच जाणता. ओव्हरक्लॉक शिकवणारे परदेशातले व्हिडिओ २०-२२ अंशांच्या खोलीत काढलेले असतात. त्यांचा आकडा आपल्या दुपारी लावायचा म्हणजे वीस अंश उधार घेणं झालं.

इंटेलचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांजवळ स्वतःचा स्पीड कमी करतात, रायझन ५००० मालिका ९० च्या आसपास. रायझन ७००० मालिका ९५ वर चालायलाच बनवलेली आहे, तिथे ९५ पाहून धसका घेऊ नका. तिसऱ्या लक्षणाचं, म्हणजे अडखळण्याचं, कारण हेच.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. प्रोसेसर तापला की आधी हळू होतो. थेट बंद पडायला हीटसिंक सैल झालेला असावा लागतो किंवा पंखाच थांबलेला. एका क्षणात अंधार होत असेल तर उष्णतेवर आळ घेण्याआधी वीज तपासा, किंवा प्रोसेसरशेजारचा वीजपुरवठ्याचा भाग, व्हीआरएम. स्वस्त बोर्डांवर त्याच्यावर हीटसिंकच नसतो. मूळ पंख्याची हवा निदान त्याच्यावर तरी पडायची, उंच टॉवर कूलर लावला की तीही बंद होते.

पीसी कुठे ठेवलाय तेही पाहा. पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवला असेल तर हलवा. कॅबिनेट उघडं ठेवून खोलीतल्या कूलरसमोर ठेवण्याची युक्ती गावोगाव चालते, पण ती करू नका. तापमान कमी होतं हे खरं, मात्र ताट्यांतून ओलसर हवेसोबत पाण्याचे तुषार येतात. पाणी जड असेल, खारपाणपट्ट्यात तर असतंच, तर ते वाळल्यावर बोर्डावर पांढरे क्षार धरतात आणि पिना गंजतात. कूलरची हवा खोलीत फिरू द्या, पीसी तिच्या झोतातून बाजूला ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा.

४. धूळ, कापूस आणि पेस्ट

ज्या घरात दिवाळीनंतर कापसाची गंजी लागते, त्या घरातला पीसी उघडला की मला आतलं चित्र आधीच माहीत असतं. पंखा आणि हीटसिंकच्या पात्या यांच्यामध्ये रुईच्या तंतूंची गादी बसलेली असते. पंखा वरून स्वच्छ दिसतो, फिरतोही जोरात, पण हवा पुढे जातच नाही. दारासमोर हडंबा (मळणीयंत्र) लावून तूर-सोयाबीन काढलं असेल तर त्यावर भुशाचा थर. पंखा सोडवून खाली पाहिल्याशिवाय "साफ आहे" म्हणू नका.

रंगाचा मऊ ब्रश आणि छोटा ब्लोअर पुरतो. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो प्रमाणाबाहेर फिरून बेअरिंग खराब होते. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरू नका, त्याच्या टाकीत पाणी साचलेलं असतं आणि ते हवेसोबत बाहेर येतं.

हीटसिंक काढलाच तर जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकमधला उष्णता वाहून नेणारा लेप) पुसून नवी लावावीच लागते, मधोमध वाटाण्याएवढी. रायझनच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डावर पीसी थोडा गरम करून, हीटसिंक हळूच पिळत काढा. सरळ ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून पिनांसकट उपटून येतो.

५. वीज

आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि व्हिडिओत याबद्दल एक शब्द नसतो.

ओव्हरक्लॉकने विजेची भूक किती वाढते ते आधी पाहा. प्रोसेसरचा वापर स्पीडच्या प्रमाणात वाढतो आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ४.० चे ४.४ गिगाहर्ट्झ केले, म्हणजे १.१ पट. व्होल्टेज १.२० वरून १.३५ केलं, म्हणजे वर्ग करून सुमारे १.२७ पट. गुणाकार १.३९. दहा टक्के स्पीडसाठी जवळजवळ चाळीस टक्के जास्त वीज, आणि तेवढीच जास्त उष्णता. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या, वर '४५० वॅट' छापलेल्या एसएमपीएसने आजवर कसाबसा भार ओढला असेल तर आता तो मान टाकणारच.

पहिलं काम फुकटचं. एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवा आणि पीसी थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. सैल सॉकेट, काळवंडलेली पिन, कूलर आणि पीसी एकाच बोर्डवर, हे सगळं इथे उघडं पडतं.

दुसरं, सॉकेटमध्ये खोचायचा डिजिटल व्होल्टमीटर मिळतो तो घ्या. कागदोपत्री २३० व्होल्ट. शेतीपंप सुरू झाल्यावर किंवा संध्याकाळी गावभर दिवे लागल्यावर आकडा किती खाली जातो ते दोन-चार दिवस लिहून ठेवा. पीसी बंद पडायची वेळ आणि पंपांची वेळ जुळली तर बायोसमध्ये काहीही बदलून उपयोग नाही. चांगला स्टॅबिलायझर किंवा यूपीएस लागेल.

तिसरं, इन्व्हर्टर. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं बटण असतं. नॉर्मलवर तो खूप कमी व्होल्टेजही तसंच पुढे सोडतो, आणि लाईन गेल्यावर बॅटरीवर यायला जास्त वेळ घेतो. लाईन तुटल्यावर एसएमपीएस पूर्ण भारावर मिलिसेकंदांत मोजावा इतकाच वेळ तग धरतो, आणि भार वाढला की हा वेळ आणखी घटतो. त्यामुळे डिफॉल्टवर लाईन गेल्याचं न जाणवणारा पीसी ओव्हरक्लॉकवर त्याच झटक्याला रिस्टार्ट होतो. बटण यूपीएसवर करा. कितीतरी जणांचं काम एवढ्यानेच होतं.

चौथं, अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात? टेस्टर लागतो? अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर निम्म्याच्या आसपास व्होल्टेज येऊन बसतं. करंट थोडा असतो, पण टीव्हीची किंवा प्रिंटरची केबल लावताना पोर्ट जळू शकतो. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडल्या की अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. त्यात पाणी टाकत राहा.

मल्टिमीटर वापरता येत असेल तर चार पिनांच्या जुन्या पॉवर कनेक्टरवर पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये, गेम चालू असताना, १२ व्होल्ट मोजा. ११.४ ते १२.६ च्या बाहेर गेला तर एसएमपीएस बदलायचा. सॉफ्टवेअरमधला आकडा अंदाजापुरताच धरा.

६. रॅम वेगळी तपासा

'एक्सएमपी' (बायोसमधलं रॅमचं तयार, जास्त स्पीडचं सेटिंग) चालू केलं की रॅमही ओव्हरक्लॉकच होते, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. प्रोसेसर डिफॉल्टवर ठेवून फक्त एक्सएमपी चालू करा, पेनड्राइव्हवरून 'मेमटेस्ट८६' रात्रभर चालवा. एकही चूक आली तर रॅम नापास. 'एकच आली' असं म्हणून सोडू नका. स्टिक एकेक करून तपासा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या चार स्टिक एकत्र असतील तर स्पीड एक पायरी उतरवा.

७. आता बायोसमधला आकडा

इथवर सगळं ठीक निघालं तरच. दुसऱ्याचे आकडे उतरवू नका. एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसरही सारखे नसतात, एकाला ४.४ ला जेवढं व्होल्टेज पुरतं तेवढ्यात दुसरा ४.२ लाही टिकत नाही.

व्होल्टेज 'ऑटो'वर असेल तर आधी तिथून हलवा, कारण मल्टिप्लायर वाढला की काही बोर्ड गरजेपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज देतात. मग एका वेळी एकच बदल करा: मल्टिप्लायर एकने वर, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ. प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी सॉफ्टवेअर चालवा: 'सीनेबेंच' दहा मिनिटं, टिकलं तर 'ओसीसीटी' तासभर. निळी स्क्रीन आली तर ०.०१ ते ०.०२ व्होल्ट वाढवा. इंटेलच्या सहाव्या ते दहाव्या पिढीत मी १.३५ च्या वर जात नाही. रायझन ३००० आणि ५००० ला सगळ्या कोअरचा स्पीड कायम बांधायचा असेल तर १.३ च्या आत थांबतो. काही लोक वर जातात, पण त्यांच्या खोलीत एसी असतो.

भार आल्यावर व्होल्टेज थोडं बसतं. ते सावरायला 'लोड लाईन कॅलिब्रेशन' असतं, ते मधल्या पायरीवर ठेवा, टोकाला नको. काम नसताना हँग होत असेल तर उलटं पाहा: रायझनवर 'कर्व्ह ऑप्टिमायझर'मध्ये (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या सेटिंगमध्ये) उणे आकडा जास्त झालेला असतो. तो कमी करा.

अंतिम परीक्षा दुपारी दोन ते चार, मेमध्ये. बायोसमध्ये प्रोफाइल साठवायची सोय असते, त्यात 'उन्हाळा' आणि 'हिवाळा' अशी दोन करून ठेवा. उन्हाळ्याची म्हणजे सरळ डिफॉल्ट ठेवली तरी बिघडत नाही. १९९८ मध्ये ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए लोक ४५० वर चालवायचे, दीडपट! आता कंपनीच प्रोसेसर त्याच्या टोकापर्यंत पळवून देते, आपल्यासाठी मागे उरतं थोडंच. गेमचा फ्रेम रेट जुन्या ग्राफिक्स कार्डामुळे अडलेला असेल तर प्रोसेसर ताणून तोही वाढत नाही.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा वरच्या श्रेणीतला प्रोसेसर असेल आणि डिफॉल्टवरही गेम क्रॅश होत असतील तर वेगळी गोष्ट. त्यात प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागून स्वतःचंच नुकसान करून घेण्याचा दोष २०२४ मध्ये इंटेलने मान्य केला, बायोससाठी सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस अपडेट करा, पण झालेलं नुकसान त्याने भरून येत नाही. वॉरंटीत बदलून मागा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

घरातले काही दिवे एकदम प्रखर आणि काही मंद होत असतील तर न्यूट्रल सुटलेला असू शकतो. सॉकेटमध्ये ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. पीसी सोडा, मेन स्विच पाडा, लाईनमनला सांगा. डीपीला किंवा खांबाला स्वतः हात लावायचा नाही. अर्थिंग आणि बोर्डाची वायरिंग वायरमनकडून करून घ्या.

एसएमपीएस कधीही उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठतात आणि प्लग काढल्यावरही लगेच उतरत नाहीत. जळका वास, फुगलेले कपॅसिटर, व्हीआरएमजवळ काळा डाग दिसला तर पुन्हा चालू करून पाहायचा मोह टाळा. सीमॉस क्लिअर करून, एकाच रॅम स्टिकवर, ग्राफिक्स कार्ड काढूनही (प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तरच) स्क्रीन येत नसेल तर तुमच्या हातातलं संपलं. सॉकेटच्या वाकलेल्या पिना सुईने सरळ करू नका. वॉरंटीत असलेला पीसी दुकानदाराकडेच न्या आणि ओव्हरक्लॉक केलं होतं हे सांगा. त्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, पण लपवलं तर दुरुस्त करणाराही चुकीच्या जागी शोधत बसतो. सारख्या निळ्या स्क्रीनमध्ये फायली खराब होतात, म्हणून काहीही करण्याआधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर घ्या.

दुरुस्तीला आणताना निळ्या स्क्रीनचा आणि बायोसचा फोटो, बंद पडायची वेळ, खोलीचं तापमान आणि व्होल्टमीटरचे आकडे सोबत असू द्या. एक्स्टेन्शन बोर्डही घेऊन या. दुकानात दिवसभर चालणारा आणि घरी गेल्यावर तासात बंद पडणारा पीसी असेल तर मी आधी तो एक्स्टेन्शन बोर्डच उघडतो.